मिझोराम
मिझोराम : भारताच्या ईशान्य भागातील एक डोंगराळ राज्य. क्षेत्रफळ २१,०८१ चौ. किमी.; लोकसंख्या १०,९७,२०६ (२०११). अक्षवृत्तीय विस्तार २१° ५६′ उ. ते २४° ३१′ उ. आणि रेखावृत्तीय विस्तार ९२° १६′ पू. ते ९३° २६′ पू. यांदरम्यान. याच्या उत्तरेस आसाम व मणिपूर, पश्चिमेस त्रिपुरा राज्य व बांगला देश, तर पूर्वेस व दक्षिणेस म्यानमार (ब्रह्मदेश) हा देश आहे. राज्याची सु. ५१० किमी. सीमा म्यानमारशी व सु. ३१८ किमी. सीमा बांगला देशाशी भिडलेली आहे. कर्कवृत्त राज्याच्या जवळजवळ मध्यातून जाते. ऐझॉल हे राजधानीचे ठिकाण होय. मिझो भाषेत ‘मि’ म्हणजे माणूस, ‘झो’ म्हणजे डोंगर व ‘राम’ म्हणजे प्रदेश. त्यावरून ‘डोंगरी लोकांचा प्रदेश’ असा या नावाचा अर्थ होतो.

या राज्याचा इतिहास त्याच्या भूगोलापासून वेगळा काढता येत नाही. डोंगरउतारांवरील बांबूला अनेक दशकांनी येणारा बहर, त्यामागोमाग होणारी उंदरांची वाढ आणि त्यातून ओढवणारा दुष्काळ हा निसर्गक्रम येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. विसाव्या शतकात त्याने एका राजकीय चळवळीला, पुढे सशस्त्र बंडाला व अखेर स्वतंत्र घटक राज्याच्या निर्मितीला चालना दिली.

भूवर्णन : मिझोरामचा बहुतेक प्रदेश उत्तर-दक्षिण पसरलेल्या समांतर डोंगररांगांनी व्यापलेला आहे. या रांगांचे उतार तीव्र असून त्यांच्यामध्ये नद्यांच्या खोल व अरुंद दऱ्या आहेत. पश्चिमेकडील रांगा तुलनेने कमी उंचीच्या असून पूर्वेकडे त्यांची उंची वाढत जाते. आग्नेय भागातील फाँगपुई (निळा पर्वत) हे राज्यातील सर्वोच्च शिखर २,१५७ मी. उंच आहे. सपाट जमीन फारच थोडी. म्यानमारच्या सीमेजवळील चांफाईचे खोरे हे तिचे सर्वांत मोठे क्षेत्र असून तेथे ओलिताखालील भातशेती होते. डोंगर मुख्यतः ठिसूळ वालुकाश्म व शेल खडकांचे बनलेले असल्याने पावसाळ्यात दरडी कोसळण्याचे प्रमाण मोठे आहे. मे २०२४ मध्ये ‘रेमल’ चक्रीवादळाच्या पावसाने ऐझॉलच्या परिसरात दगडखाणीची दरड कोसळून मनुष्यहानी झाली.

मिझो भाषेत ‘तुइ’ म्हणजे पाणी. अनेक नद्यांच्या नावांत हा शब्द येतो. त्लाँग (धलेश्वरी), तुइरिअल (सोनाई) व तुइवॉल या नद्या उत्तरेकडे वाहत जाऊन बराक नदीच्या खोऱ्यात उतरतात. छिमतुइपुई (कोलोदाइन) ही दक्षिणेकडील मोठी नदी म्यानमारमध्ये उगम पावते, मिझोराममधून वाहते व पुन्हा म्यानमारमध्ये शिरून बंगालच्या उपसागराला मिळते. पश्चिम भागातील पाणी कर्णफुली नदीतून चित्तगाँगकडे जाते. रस्ते होण्यापूर्वी या नद्या हेच बाहेरच्या जगाशी दळणवळणाचे प्रमुख मार्ग होते. सरोवरांपैकी दक्षिणेकडील पालक सरोवर सर्वांत मोठे असून त्याच्या परिसराचा आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ प्रदेशांच्या रामसर यादीत २०२१ मध्ये समावेश झाला. मिझो लोकांच्या जुन्या श्रद्धेनुसार मृतात्मे ज्यावरून परलोकी जातात, ते रिह सरोवर मात्र सीमेपलीकडे म्यानमारमध्ये आहे. राजकीय सीमा व लोकांची मनोभूमी यांचा येथे मेळ बसत नाही, याचे हे बोलके उदाहरण होय.

हवामान : उंचीमुळे हवामान सौम्य असते. तपमान उन्हाळ्यात साधारणपणे २०° ते ३०° से. व हिवाळ्यात ११° ते २१° से. यांदरम्यान राहते. मे ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांपासून भरपूर पाऊस पडतो. वार्षिक सरासरी पर्जन्यमान सु. २५० सेंमी. आहे. एवढा पाऊस पडूनही तीव्र उतारांवरून पाणी झपाट्याने वाहून जात असल्याने डोंगरमाथ्यांवरील गावांना उन्हाळ्यात पाणीटंचाई भासते.

वनश्री : राज्याच्या सु. ८५ टक्के भूमीवर वनाच्छादन आहे (२०२३). तथापि त्यात बांबूची बने व पडीक टाकलेल्या झूम शेतीवर वाढलेले दुय्यम जंगल यांचा फार मोठा वाटा असून अतिदाट जंगलाचे प्रमाण अगदी अल्प आहे. पूर्वेकडील उंच भागात ओक, पाइन व ऱ्होडोडेंड्रॉन, तर इतरत्र उष्ण कटिबंधीय सदाहरित व निमसदाहरित वृक्ष आढळतात. नागचाफा हा राज्यवृक्ष व ‘सेन्‌ह्री’ हे तांबडे आमर राज्यपुष्प मानले जाते.

मिझोरामच्या वनश्रीचा खरा विशेष म्हणजे बांबू. अनेक जातींपैकी माउताक (मेलोकॅना बॅक्सिफेरा) ही जात सर्वाधिक क्षेत्र व्यापते. तिचे भूमिगत खोड लांबवर पसरत असल्याने तिची बेटे न होता सलग बने होतात. झूमसाठी तोडून जाळलेल्या व नंतर मोकळ्या सोडलेल्या उतारांवर ही जात चटकन पसरते. घराच्या भिंती व जमीन, पाण्याचे नळ, टोपल्या, मासे पकडण्याची साधने, कोवळ्या कोंबांची भाजी अशा असंख्य गरजा बांबू भागवितो. मात्र सु. ४८ वर्षांनी माउताक एकाच सुमारास सर्वत्र फुलतो, त्याला मुठीएवढी मांसल फळे धरतात आणि त्यानंतर सारी बने वाळून मरतात. रॉथिंग (बांबुसा टुल्डा) या दुसऱ्या जातीचे चक्रही साधारण तेवढ्याच वर्षांचे, परंतु वेगळ्या काळी पूर्ण होणारे आहे.

प्राणिजीवन : भारतीय व ब्रह्मी अशा दोन्ही प्रदेशांतील प्राणिजाती येथे एकत्र आढळतात. हुलॉक गिबन हा भारतातील मोजक्या ठिकाणी आढळणारा बिनशेपटीचा कपी, फेअरचे पर्णभक्षी वानर, लामचित्ता (अंगावर ढगांच्या आकाराचे ठिपके असलेला), सोनेरी मांजर, सूर्य अस्वल, सांबर, भेकर, गवा आणि कड्यांवर राहणारा सेरो हे प्रमुख सस्तन प्राणी होत. सेरो (मिझो ‘साझा’) हा राज्यप्राणी, तर ह्यूमचा फेझंट (मिझो ‘वावू’) हा राज्यपक्षी आहे. धनेश पक्ष्याच्या अनेक जाती आढळतात. मिथुन (गयाळ) हा अर्धपाळीव पशू पूर्वी संपत्तीचे माप समजला जाई व मोठ्या मेजवान्यांत त्याचा बळी देत.

राज्यात मुर्लेन व फाँगपुई ही राष्ट्रीय उद्याने असून पश्चिम सीमेवरील दांपा अभयारण्याला १९९४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा देण्यात आला. २०१८ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत मात्र दांपामध्ये एकाही वाघाची नोंद झाली नाही. परंपरागत शिकार, झूमसाठी होणारी जंगलतोड व मोकळी सीमा यांमुळे मोठ्या प्राण्यांची संख्या घटली आहे. गावसमाज व ‘यंग मिझो असोसिएशन’सारख्या संघटना यांनी शिकारीवर घातलेले निर्बंध अलीकडच्या काळात काही भागांत परिणामकारक ठरले आहेत.

येथील इतिहासावर सर्वाधिक प्रभाव पाडणारा प्राणी मात्र वाघ वा हत्ती नसून उंदीर हा आहे. एरवी जंगलात व शेतात मर्यादित संख्येने राहणाऱ्या काळ्या उंदरांना बांबूच्या बहरात अमाप अन्न मिळते. त्यामुळे त्यांचे प्रजनन अखंड चालू राहते व त्यांची संख्या कित्येक पटींनी वाढते. पावसाळ्यात उरलेली फळे रुजतात, जंगलातील अन्न संपते आणि नेमके त्याच सुमारास भात पोटरीस येत असते. अशा वेळी उंदरांच्या झुंडी शेतांत उतरून एका रात्रीत उभे पीक फस्त करतात. माउताकच्या बहरानंतरच्या आपत्तीला ‘माउताम’ व रॉथिंगच्या बहरानंतरच्या आपत्तीला ‘थिंगताम’ म्हणतात. ‘ताम’ या शब्दातून दुष्काळाचा अर्थ व्यक्त होतो.

लोक व समाजजीवन : ९४ टक्क्यांहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे आहेत (२०११). ‘मिझो’ ही एका जमातीची नव्हे, तर अनेक जमातींची सामायिक संज्ञा आहे. तीत लुशेई, राल्ते, ह्‌मार, पाइते इ. जमाती मोडतात. दक्षिणेकडील लाइ (पॉइ) व मारा (लाखेर) यांच्या स्वतंत्र बोली व परंपरा आहेत. पश्चिम सीमेवरील चकमा हे बौद्ध धर्मीय असून ब्रू (रिआंग) यांची भाषा व चालीरीती वेगळ्या आहेत. लाइ, मारा व चकमा यांच्यासाठी १९७२ पासून स्वायत्त जिल्हा परिषदा आहेत. ख्रिस्ती धर्मीयांचे प्रमाण सु. ८७ टक्के व बौद्धांचे सु. ८.५ टक्के होते (२०११).

जुन्या काळी प्रत्येक गाव ‘लाल’ म्हणजे सरदाराच्या सत्तेखाली असे. ‘उपा’ या वडीलधाऱ्यांच्या सल्ल्याने तो न्यायनिवाडा करी व प्रत्येक कुटुंबास झूमची जमीन नेमून देई. त्या बदल्यात त्याला ‘फाथांग’ हा धान्यरूपी कर मिळे. गावातील अविवाहित तरुण ‘झॉलबुक’ या सामूहिक गृहात रात्री राहत. शिकार, युद्ध, शिस्त व परस्परसाहाय्य यांचे शिक्षण त्यांना तेथेच मिळे. शाळांच्या प्रसारानंतर ही संस्था मागे पडली व १९३८ च्या सुमारास संपुष्टात आली. मात्र तिच्यातून रुजलेले ‘त्लॉमंगायना’ हे मूल्य आजही समाजमान्य आहे. स्वतःची गैरसोय सोसून, कोणी न सांगता दुसऱ्याच्या मदतीस धावून जाणे, असा त्याचा आशय असून घरात मृत्यू, आग वा दरड अशा संकटसमयी सारे गाव एकत्र येते, त्यामागे हीच शिकवण असते.

सणांची मांडणी झूमच्या ऋतुचक्रावर आधारलेली आहे. झाडी तोडून झाल्यावर व ती वाळेपर्यंतच्या विसाव्यात वसंत ऋतूतील चापचार कुट, मक्याच्या सुगीनंतर मृतांच्या स्मरणार्थ मिम कुट आणि भाताच्या कापणीनंतर पॉल कुट हे सण येतात. आडव्या-उभ्या धरलेल्या बांबूंच्या ठेक्यात पावले टाकून स्त्रिया ‘चेरॉ’ नृत्य करतात. हातमागावर विणलेले ‘पुआन’ हे वस्त्र स्त्रियांच्या वेशातील मुख्य भाग होय.

शेती व इतर व्यवसाय : परंपरेने झूम किंवा फिरती शेती हाच निर्वाहाचा आधार होता. हिवाळ्यात उतारावरील झाडी तोडून मार्चमध्ये ती जाळतात, पावसाच्या सुरुवातीस राखेत भात, मका, मिरची, भोपळे इ. बियाणी एकत्र पेरतात व वर्षअखेरीस कापणी करतात. एक-दोन पिकांनंतर जमीन मोकळी सोडतात. लोकसंख्या वाढल्याने विसाव्याचा काळ पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी झाला असून त्यामुळे सुपीकता घटते व मातीची धूप वाढते. आले, मिरची, संत्री, द्राक्षे व अँथुरियम फुले यांच्या स्थायी लागवडीस शासन उत्तेजन देते. २०११ च्या जनगणनेनुसार साक्षरतेचे प्रमाण ९१.३३ टक्के होते व सर्व राज्यांत केरळच्या खालोखाल ते सर्वाधिक होते. सप्टेंबर २०२५ मध्ये बैराबी ते सैरांग हा लोहमार्ग खुला होऊन राजधानीचा परिसर रेल्वेने जोडला गेला.

इतिहास : मिझोंचे पूर्वज पूर्वेकडील चिन टेकड्यांच्या प्रदेशातून टप्प्याटप्प्याने पश्चिमेकडे सरकत आले. ‘छिनलुंग’ नावाच्या खडकाच्या विवरातून आपण बाहेर पडलो, अशी त्यांची आख्यायिका आहे. अठराव्या शतकाच्या सुमारास लुशेई लोक सध्याच्या मिझोराममध्ये आले व त्यांच्यातील सायलो घराण्याच्या सरदारांनी बहुतेक गावांवर वर्चस्व मिळविले. ही सत्ता एकछत्री नव्हती. प्रत्येक सरदार स्वतंत्र असे.

एकोणिसाव्या शतकात कचारमधील चहाचे मळे दक्षिणेकडे जंगलात पसरू लागले. सरदार ज्यांना आपली शिकारीची राने समजत, तीच ही जंगले असल्याने संघर्ष अटळ झाला. जानेवारी १८७१ मध्ये अलेक्झांडरापूर मळ्यावरील हल्ल्यात जेम्स विंचेस्टर हा मळेवाला मारला गेला व त्याच्या सहा वर्षांच्या मेरी या मुलीस पळवून नेण्यात आले. १८७१-७२ च्या लुशाई मोहिमेत कचार व चित्तगाँग अशा दोन बाजूंनी इंग्रज फौजा शिरल्या व मुलीची सुटका झाली. १८८९-९० च्या मोहिमेनंतर प्रदेश कायमचा ताब्यात घेण्यात आला. याला विरोध करणाऱ्यांत रोपुइलियानी ही वृद्ध स्त्री-सरदार प्रमुख होती. तिला १८९३ मध्ये पकडण्यात आले व १८९५ मध्ये चित्तगाँगच्या तुरुंगात तिचा मृत्यू झाला. १८९८ मध्ये उत्तर व दक्षिण लुशाई टेकड्यांचा एकच जिल्हा करून तो आसामला जोडण्यात आला.

जानेवारी १८९४ मध्ये जे. एच. लॉरेन व एफ. डब्ल्यू. सॅव्हिज हे दोन मिशनरी नदीमार्गाने सैरांगला पोहोचले. त्यांनी मिझो भाषेसाठी रोमन लिपी तयार केली. आपली लिपी चामड्यावर लिहिलेली होती व ते चामडे कुत्र्याने खाल्ले, अशी कथा सांगणाऱ्या या समाजाने अक्षरज्ञान उत्साहाने स्वीकारले. पुढील अर्धशतकात बहुतेक सर्व समाज ख्रिस्ती व मोठ्या प्रमाणात साक्षर झाला. या शिक्षित वर्गातून १९४६ मध्ये ‘मिझो युनियन’ ही पहिली राजकीय संघटना उभी राहिली. सरदारांच्या अधिकारांना तिचा विरोध होता. १९५४ च्या कायद्याने सरदारकी रद्द झाली व त्याच वर्षी लुशाई टेकड्यांना ‘मिझो जिल्हा’ हे नाव मिळाले.

दरम्यान बांबूचे चक्र आपल्या गतीने फिरत होते. १८६२, १९११-१२ या वर्षांत माउताम आणि १८८१ व १९२९ मध्ये थिंगताम यांची नोंद आहे. पुढचा माउताम १९५९ च्या सुमारास येणार, हे वृद्धांना ठाऊक होते. त्यानुसार ऑक्टोबर १९५८ मध्ये मिझो जिल्हा परिषदेने ठराव करून आसाम शासनाकडे पूर्वतयारीसाठी १५ लाख रुपयांची मागणी केली. बांबू फुलल्याने दुष्काळ पडतो, ही आदिवासींची भोळी समजूत असे मानून तिची दखल घेण्यात आली नाही. १९५९ मध्ये बांबू फुलला व अपेक्षित तेच घडले. रस्त्यांच्या अभावी धान्य वेळेवर पोहोचले नाही आणि लोकांना रानातील कंदमुळांवर दिवस काढावे लागले. ज्ञान उपलब्ध असूनही ते ज्यांच्याकडे होते त्यांच्यावर विश्वास न ठेवल्याने ओढवलेली ही आपत्ती होती. १९६० मध्ये आसामी ही राज्यभाषा करणारा कायदा झाल्याने दुराव्यात भर पडली.

दुष्काळात मदतकार्य करण्यासाठी लालडेंगा यांच्या नेतृत्वाखाली ‘मिझो नॅशनल फॅमिन फ्रंट’ स्थापन झाली होती. तिचे स्वयंसेवक पाठीवर धान्य वाहून दूरच्या गावी पोहोचवीत व त्यामुळे संघटनेची मुळे खेडोपाडी रुजली. २२ ऑक्टोबर १९६१ रोजी तिच्या नावातील ‘फॅमिन’ हा शब्द गळून ‘मिझो नॅशनल फ्रंट’ हा राजकीय पक्ष अस्तित्वात आला व त्याने स्वतंत्र मिझोरामचे ध्येय जाहीर केले. २८ फेब्रुवारी १९६६ च्या रात्री पक्षाच्या सशस्त्र दलाने ऐझॉल, लुंगलेई इ. ठिकाणच्या ठाण्यांवर हल्ले केले व १ मार्च रोजी स्वातंत्र्याची घोषणा केली. ५ मार्चपासून भारतीय वायुसेनेच्या विमानांनी ऐझॉल व अन्य ठिकाणी मारा केला. आपल्याच देशातील नागरी वस्तीवर झालेल्या या हवाई हल्ल्याची आठवण मिझो जनमानसात खोलवर राहिली.

१९६७ पासून बंडखोरांचा लोकांशी संबंध तोडण्यासाठी पाचशेहून अधिक गावे रिकामी करून तेथील लोकांना रस्त्यालगतच्या पहाऱ्यातील वसाहतींत हलविण्यात आले. शेते दूर राहिली, झूमचे चक्र मोडले व स्वतःचे धान्य पिकविणारी कुटुंबे शिध्यावर जगू लागली. बंडखोरांचे तळ पूर्व पाकिस्तानात होते. १९७१ मध्ये बांगला देशाच्या निर्मितीनंतर त्यांचा आधार तुटला. २१ जानेवारी १९७२ रोजी मिझोराम हा केंद्रशासित प्रदेश झाला. ख्रिस्ती धर्मसंस्थांनी मध्यस्थीचे प्रयत्न सातत्याने चालू ठेवले. अखेर ३० जून १९८६ रोजी शांतता करार झाला. त्यावर लालडेंगा, राज्याचे मुख्य सचिव लालखामा व केंद्रीय गृहसचिव राम प्रधान यांच्या सह्या आहेत. प्रधान हे पूर्वी महाराष्ट्राचे मुख्य सचिव होते. २० फेब्रुवारी १९८७ रोजी मिझोराम हे भारताचे तेविसावे राज्य झाले व लालडेंगा मुख्यमंत्री झाले. संविधानातील अनुच्छेद ३७१ छ अन्वये मिझोंच्या धार्मिक व सामाजिक प्रथा, रूढी-कायदा आणि जमिनीची मालकी यांविषयीचे संसदेचे कायदे राज्य विधानसभेच्या संमतीखेरीज येथे लागू होत नाहीत. या करारानंतर बंडखोरी पुन्हा उद्‌भवली नाही, ही देशाच्या इतिहासातील उल्लेखनीय गोष्ट होय.

सर्व प्रश्न मात्र सुटले नाहीत. १९९७ मध्ये वांशिक तणावामुळे हजारो ब्रू कुटुंबांनी त्रिपुरात आश्रय घेतला. त्यांना तेथेच कायम वसविण्याचा करार जानेवारी २०२० मध्ये झाला. म्यानमारमध्ये २०२१ च्या लष्करी उठावानंतर चिन लोक आणि मणिपूरमध्ये २०२३ च्या हिंसाचारानंतर कुकी-झो लोक मोठ्या संख्येने मिझोराममध्ये आले व आप्तबांधव म्हणून त्यांना गावागावांतून आसरा मिळाला.

१९७७ चा थिंगताम तुलनेने सौम्य होता. २००७ मध्ये माउताम पुन्हा आला, तेव्हा राज्यात मिझो नॅशनल फ्रंटचेच शासन होते व लालडेंगांचे जुने सहकारी झोरामथांगा मुख्यमंत्री होते. दुष्काळातून जन्मलेल्या पक्षावर दुष्काळनिवारणाची जबाबदारी आली. या वेळी बहराची पूर्वसूचना गंभीरपणे घेतली गेली होती. आधीच काही वर्षे केंद्राच्या साहाय्याने योजना आखून बांबूची तोड, पर्यायी पिके, रस्ते, धान्यसाठे व उंदीर मारणाऱ्यांना शेपटीगणिक बक्षीस असे उपाय योजण्यात आले. देशी-विदेशी शास्त्रज्ञांनी शेतात राहून उंदरांच्या वाढीचा अभ्यास केला. भातपिकाची हानी फार मोठी झाली आणि दूरच्या गावांना बराच काळ टंचाई सोसावी लागली. तथापि १९५९ ची पुनरावृत्ती टळली. पुढील वर्षीच्या निवडणुकीत पक्षाचा पराभव झाला, परंतु सत्तांतर मतपेटीतून शांततेने घडले.

उंदरांची वाढ थांबविता येत नाही, परंतु धान्य वेळेवर पोहोचविता येते, हा दोन माउतामांच्या तुलनेतून निघणारा निष्कर्ष होय. २००७ नंतर वाळून गेलेल्या बनांच्या जागी बियांपासून उगवलेला बांबू आता पुन्हा सर्व उतारांवर उभा आहे. जुन्या गणनेनुसार त्याच्या बहराचा पुढील काळ २०५५ च्या सुमारास येतो.